माझ्या लग्नाचा पलंगपोस

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी क्रोशा शिकायला बसले त्याला कारण मत्सर. छंद म्हणून नाही आणि मन रमावं म्हणूनही नाही. मी जामबागेतल्या एका ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते. घरी आल्यावर मला पाठ टेकायला जागा हवी असते, हाताला चाळा नको असतो. पण त्या वर्षी घरी आलं की रोज एकच दृश्य समोर यायचं आणि पाठ टेकली तरी डोळा लागायचा नाही.

दृश्य साधंच होतं. बरकतपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत माझी आई वेताच्या खुर्चीत बसलेली असायची आणि तिच्यासमोरच्या खुर्चीत, गुडघ्याला गुडघे लागतील इतक्या जवळ, वरच्या मजल्यावरची मुलगी. दोघींच्या हातात पांढरा दोरा. मी चपला काढायची, पर्स ठेवायची, गॅलरीच्या दारात जाऊन उभी राहायची. आई मान वर न करता म्हणायची, "आलीस? चहा झालाय आमचा."

आमचा.

वडील गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली, त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत तिनं काहीतरी करावं म्हणून मी काय काय करून पाहिलं. भजनी मंडळात नेलं, मोठा फोन घेऊन दिला, कॉलेजच्या वाचनालयातून मराठी पुस्तकं आणली. प्रत्येक वेळी ती म्हणायची, "खामखा परेशान होऊ नको. मी बरी आहे." आणि पुन्हा गॅलरीतून रस्त्याकडे बघत बसायची. मग वरच्या मजल्यावर पुण्याहून एक जोडपं राहायला आलं. दोघंही आयटीतली. नवरा ऑफिसला जायचा, बायको घरून काम करायची. ती एकदा विरजण मागायला आली, तेव्हा आई टीव्हीवरच्या जुन्या रुमालाची उसवलेली कड नीट करत होती.

"आजी, हे तुम्ही केलंय? मला शिकवाल?"

आई म्हणाली, "हौ, शिकवीन की. ये उद्या."

मी स्वयंपाकघरात विरजण काढत होते. हातात चमचा धरून तशीच उभी राहिले. तीन वर्षांत मी आईच्या तोंडून 'हौ' ऐकलं नव्हतं.

आईनं मला क्रोशा शिकवला नव्हता असं नाही. मी शाळेत असताना एका सुट्टीत प्रयत्न झाला होता. मी तिच्या शेजारी दिवाणावर बसायची, ती करून दाखवायची, मी तसं करायला जायची आणि दोऱ्याचा गुंता व्हायचा. शेवटी तिनं माझ्या हातातून सुई काढून घेतली. "तुझा हात अभ्यासाचा आहे, जाऊ दे," म्हणाली. तेव्हा मला ती शाबासकी वाटली होती. पुढे कितीतरी वर्षं मी लोकांना कौतुकानं सांगायची, आमच्या आईच्या हातात कला आहे, मला काही ते जमत नाही. सांगताना वाईट वाटायचं नाही, कारण आईकडून ते दुसऱ्या कुणीही घेतलेलं नव्हतं.

आता एक मुलगी घेत होती. आणि तिला जमत होतं. पहिल्या आठवड्यात साखळ्या झाल्या, मग मुके खांब, मग उंच खांब. ती मीटिंग चालू असताना कॅमेरा बंद करून विणायची म्हणे. संध्याकाळी खाली येऊन दाखवायची. "आजी, बघा, आज सगळे टाके एकसारखे आलेत. भारी ना?" आई चष्मा कपाळावरून खाली ओढून बघायची आणि म्हणायची, "फार सुबक आलंय, बाळ."

मला आईनं कधी बाळ म्हटल्याचं आठवत नाही. मी थोरली. मला नावानं हाक असायची, तीही बहुतेक काम सांगायला.

मी आईसाठी आणलेली उस्मानिया बिस्किटं त्या मुलीच्या बशीत जायला लागली. हेही मी पाहून ठेवलं. माणूस एकदा अशा वाटेला लागला की कसल्याही बारीक गोष्टी टिपतो. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, तुझ्या आईला सोबत मिळाली, तुझी काळजी मिटली. तुला बरं वाटायला पाहिजे." तो वकील आहे. त्याचं म्हणणं बिनतोड होतं आणि त्याचा मला काही उपयोग नव्हता.

इथपर्यंत ठीक होतं. मग पलंगपोस निघाला.

माझं लग्न ठरायच्या आधीपासून आईनं माझ्यासाठी क्रोशाचा पलंगपोस करायला घेतला होता. बारीक पांढरा दोरा, सुटे सुटे चौकोन, प्रत्येक चौकोनात मधोमध आठ पाकळ्यांचं फूल. सगळे झाले की जोडायचे आणि कडेनं झालर. लग्न अपेक्षेपेक्षा लवकर ठरलं, चौकोन निम्मेही झाले नव्हते. रुखवतात बाजारची चादर मांडली गेली. आई म्हणाली होती, मागून पूर्ण करून देईन. नंतर आजीचं अंथरूण धरणं आलं, वडिलांची बदली आली, आणि चौकोन एका जुन्या धोतरात बांधून ट्रंकेत गेले. मी कधी विचारलं नाही. पण ते ट्रंकेत आहेत हे मला नेहमी माहीत होतं. आई आमच्याकडे आली तेव्हा ती ट्रंक मीच धरून जिना चढवली होती.

एका शनिवारी मी घरी आले तर ट्रंक उघडी, धोतर सोडलेलं आणि गॅलरीतल्या बादलीत रिठ्याच्या पाण्यात माझे चौकोन भिजत घातलेले.

"पिवळे पडले होते ग," आई म्हणाली. "हिला दाखवायला काढले. ही म्हणते, पुरा करू या."

"काकू, इतकं सुंदर काम अर्धवट कसं राहू द्यायचं?" ती मुलगी म्हणाली. "मी आणि आजी मिळून करतो. रोज थोडं थोडं."

मी म्हटलं, "करा की." दुसरं काय म्हणणार? त्या चौकोनांवर माझं नाव नव्हतं.

जुने चौकोन वाळवून कपाटात ठेवले गेले. एक तेवढा नमुना म्हणून बाहेर राहिला आणि त्यावरून दोघींचं काम सुरू झालं. ती आमच्याकडे आल्यापासून मी पाहिले नव्हते इतके भरभर आईचे हात चालायला लागले. ती रात्रीचं जेवण पोटभर जेवायला लागली. माझ्या लग्नाचा पलंगपोस माझ्याच गॅलरीत होत होता आणि त्यात माझा एक टाकाही नव्हता.

त्याच आठवड्यात मी अफझलगंजच्या बाजूला एका दोऱ्याच्या दुकानात गेले. आई वापरते तोच दोरा मागितला आणि तीच बारीक सुई. पहिल्यांदा शिकणाऱ्यानं जाड लोकर आणि जाड सुई घ्यावी हे मला नंतर कळलं. तेव्हा मला जाड काहीही नको होतं. मला पलंगपोसात शिरायचं होतं.

रविवारी बेडरूमचं दार लावून फोनवर व्हिडिओ बघत बसले. साखळी जमली. माझी साखळी सुतळीसारखी कडक झाली हे मला चांगलं लक्षण वाटलं, मजबूत काम म्हणून. दुसऱ्या ओळीत सुई साखळीच्या घरात शिरेना. जोर लावला तर दोऱ्याचा पदर फाटला. वर्गात ज्या मुलांना मी 'पुन्हा कर, पायरी चुकली आहे' असं सांगते, त्यांच्याबद्दल मला त्या दिवशी प्रथमच थोडी माया वाटली.

दोन रविवार गेल्यावर लाज सोडली आणि संध्याकाळी जाऊन आईच्या शेजारी वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसले. ती मुलगी तिच्या नेहमीच्या जागी, समोर. मी माझा तुकडा आईच्या मांडीवर ठेवला.

आईनं तो दोन बोटांत उचलला. "हे काय? पोत्याचं तोंड शिवलंय की काय?"

मुलगी हसली नाही, पण हसू आवरायला तिला खाली बघावं लागलं.

"दाखव तरी नीट कसं करायचं," मी म्हटलं.

आईनं सगळं उसवलं. मला न विचारता, एका ओढीत. मग सावकाश करून दाखवायला लागली. मी शेजारून बघत होते आणि मला काही केल्या कळेना. तिची सुई कुठून आत जाते, दोरा कुणीकडून येतो, सगळं उलटं वाटायचं. शाळेत असताना झालं होतं तसंच. मी वाकून वाकून बघत होते आणि आई म्हणत होती, "इत्मिनानानं बघ ग, घाई कसली आहे."

तेव्हा ती मुलगी म्हणाली, "काकू, तिथून नाही कळणार. आजी डावऱ्या आहेत ना. तुम्ही शेजारी बसलात की सगळं उलटं दिसतं. समोर बसलं की आरशात बघितल्यासारखं बरोबर होतं. मी पहिल्याच दिवशी खुर्ची फिरवून घेतली होती." ती उठली. "या, इथे बसा."

आई डावरी आहे हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? ती जेवते उजव्या हातानं, लिहिते उजव्या हातानं, लहानपणी मारून लावलेली सवय. बाकी सगळं, भाजी चिरणं, खिळा ठोकणं, क्रोशा, डाव्या हातानं. हे मी जन्मभर पाहत आले होते. पण मला क्रोशा का आला नाही याचा आणि तिच्या डाव्या हाताचा संबंध मी कधी जोडला नव्हता, आणि आईनंही जोडला नव्हता. पुण्याच्या मुलीनं खुर्ची फिरवून तो पहिल्या दिवशी जोडला.

मी त्या खुर्चीत बसले नाही. पेपर तपासायचे आहेत म्हणून आत गेले. पेपर खरंच होते. त्या दिवशी मी मार्क जरा हात आखडूनच दिले असतील.

दिवाळीला ती मुलगी आठवडाभर पुण्याला गेली. ती रिक्षात बसल्यावर मी फराळाची ताटं आवरली आणि समोरच्या खुर्चीत जाऊन बसले. तिनं सुई उचलली, मी उचलली, आणि अर्ध्या तासात मला खांब आला. इतकं सोपं होतं ते. तिचा डावा हात तसा माझा उजवा. तिचं मनगट वळलं की माझं वळायचं. आठवड्याच्या शेवटी माझा पहिला पूर्ण चौकोन झाला, आठ पाकळ्यांच्या फुलासकट. मला वाटलं होतं, आता ती काहीतरी बोलेल.

"घट्ट आहे फार," ती म्हणाली. "दोरा असा धरतेस, जसा कुणी पळवून नेणार आहे. सैल सोड."

मी सैल सोडायचा प्रयत्न करायची आणि चार टाक्यांनंतर हात पुन्हा आवळायचा. ती उसवायला लावायची. मी उसवून पुन्हा करायची, ते पहिल्याइतकंच घट्ट. मुलगी पुण्याहून बाकरवडी घेऊन परत आली आणि मी खुर्ची सोडली. मोढा ठेवायला गॅलरीत वॉशिंग मशीन आणि कुंड्या यांच्यामध्ये जेमतेम जागा होती. तिथं बसून मी विणायची. त्या दोघी समोरासमोर, मी बाजूला. मुलीचे चौकोन आईच्या चौकोनांसारखे यायचे, कुणाचा कुठला सांगता येऊ नये इतके. आई ते तळहातावर घेऊन थोपटायची. माझे ती बघायची आणि काही न बोलता माझ्याच पिशवीत टाकायची. पलंगपोसाच्या ढिगात नाही.

मी एकदा विचारलं, "माझे घेणार आहेस की नाही त्यात?"

"बघू," आई म्हणाली.

मार्चमध्ये मुलीच्या नवऱ्याला पुण्याची नोकरी मिळाली. महिन्याभरात जायचं ठरलं. ती हे सांगायला आली तेव्हा आईचा चेहरा पडला आणि मला, खरं सांगायचं तर, हलकं वाटलं. ते हलकेपण रात्रीच्या जेवणापर्यंतच टिकलं.

पानावर बसल्यावर आई म्हणाली, "मी म्हणते, पलंगपोस तिलाच देऊन टाकावा. किती जीव लावून केलंय पोरीनं. तिकडे नवं घर मांडायचंय तिला."

माझ्या हातात वरणाची वाटी होती. मी ती खाली ठेवली. "नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे तो माझा आहे. माझ्या लग्नासाठी करत होतीस तू."

आई माझ्याकडे बघत राहिली. "तुला हवा होता?"

"हवा होता म्हणजे काय? मला म्हणाली होतीस, मागून पूर्ण करून देईन."

"मग इतक्या वर्षांत एकदा तरी विचारायचं."

"तू द्यायचा होतास. मी कशाला विचारू?"

"तुझ्या घरात सगळं मशीनमध्ये जातं," आई म्हणाली. "सुती चादर पंधरा दिवसांत फाटते तुझ्याकडे. मला वाटलं, तुला असल्या गोष्टींचा काही जिव्हाळा नाही. तू कधी दाखवलास?"

नवरा मान खाली घालून भात कालवत होता. त्याला अशा वेळी गप्प बसता येतं, हा त्याचा मोठा गुण आहे.

"मशीनमध्ये नाही टाकणार," मी म्हटलं. गणिताची मास्तरीण असून मला याहून चांगला मुद्दा सुचला नाही.

"बरं," आई म्हणाली. "तिचे तिला द्यावे लागतील मग. तिचे कष्ट आहेत ते. उद्या मांडून बघू."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मुलगी खाली आली, आईनं तिला कारण सांगितलं आणि तिनं लगेच मान डोलावली. "अर्थात, काकूंचाच आहे तो," म्हणाली. तिचं हे समजूतदारपण मला गेल्या वर्षभरात सगळ्यात जास्त टोचलं आहे.

आम्ही तिघींनी आमच्या पलंगावर चौकोन मांडले. आईनं कपाटातून जुने काढले, त्यांच्या शेजारी नवे ठेवले आणि थांबली. एक जुना उचलून नव्यावर ठेवला. जुना चारी बाजूंनी लहान होता. दुसरा ठेवला, तोही लहान. रिठ्याच्या पाण्यात आटले असतील म्हणून तिनं एक ओला करून ताणून पाहिला. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. वर्षभर दोघींनी नमुन्यावरून टाके मोजले होते, माप कुणी घेतलं नव्हतं. हे माझ्या हातात असतं तर मी पहिल्या दिवशी पट्टी लावली असती. माझ्या हातात ते कुणी दिलं नव्हतं.

"हे जोडता यायचे नाहीत," आई म्हणाली. "झोळ येईल."

मग तिनं माझी पिशवी ओढली. माझा एक चौकोन काढून जुन्यावर ठेवला. काठाला काठ लागला. दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. पाकळीवर पाकळी बसत होती.

आईनं जुना चौकोन खिडकीशी नेऊन निरखून पाहिला.

"तेव्हा माझाही हात असाच होता," ती म्हणाली. "घरात सासूबाईंचं सगळं करायचं आणि मधल्या वेळात हे. सुई अशी आवळून धरायची मी, बोटं रात्री ठणकायची."

त्या वेळी ती माझ्या आत्ताच्या वयापेक्षा थोडी लहान होती. मी तिच्या बोटांकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं.

मुलीनं तो जुना चौकोन आईकडून मागून घेतला. उलटसुलट केला, अंगठ्यानं दाबून बघितला. "किती घट्ट वीण आहे, आजी. उभी राहील अशी." मग म्हणाली, "मला नाही अशी शिकवलीत."

ती हसूनच म्हणाली. पण तो आवाज मला ओळखीचा होता. वर्षभर तो मी माझ्याच तोंडून ऐकत होते.

"तुला कशाला शिकवू?" आई म्हणाली. "ही काय शिकवायची गोष्ट आहे?"

वाटणी तिथंच झाली. जुने आणि माझे एका बाजूला, नवे सगळे मुलीला. ती त्यांचा मोठा टेबलक्लॉथ करणार होती. नवे सगळे म्हणजे तिचे आणि आईचेही. आईनं वर्षभरात केलेले चौकोन, जे तिनं जेवण सुधारल्यावर, हसताना, बाळ बाळ म्हणत केले होते, ते पुण्याला गेले. व्यवहार म्हणून हे बरोबर होतं, माझ्या मापाला ते चालणार नव्हते. ते मला आजही खुपतं.

मुलगी गेली. समोरची खुर्ची आता माझी आहे, कॉलेजातून आल्यावर मी तिथं बसते. आई म्हणते, "बाई, आता सैल करू नको हं, जुळायचं नाही." दिवाळीपासून जी सैल सोड म्हणून माझ्या मागे लागली होती, तीच. अजून बरेच चौकोन राहिले आहेत, मग जोडणं, मग झालर.

पण अडचण अशी झाली आहे की सरावानं माझा हात सैल पडायला लागलाय. चौकोन मोठे येतात आणि आई ते उसवायला लावते. पट्टी घेऊन बसते मी, तरी येतात. फक्त ज्या दिवशी वरच्या मुलीचा पुण्याहून आईला व्हिडिओ कॉल येतो आणि आई फोन हातात धरून अर्धा अर्धा तास तिच्याशी बोलत बसते, त्या दिवशीचा चौकोन मापाला अगदी बरोबर उतरतो.